दुसरा राऊटर : एका रिकाम्या जागेचा इतिहास

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मंडळींकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "तंत्रज्ञानाच्या इतिहासात काम करायचंय, पण विषय मोठा पाहिजे." मोठा म्हणजे काय, तर इंटरनेटचा इतिहास, संगणकाचा इतिहास, दूरसंचार धोरण. मग आराखडा लिहायला बसलं की तीन पानांत दम लागतो, कारण एवढ्या मोठ्या विषयाला पकडायला मूठच नसते.

मी उलट सांगते. एखादी अगदी घरगुती कृती घ्या आणि ती कधीपासून शक्य झाली, कुणामुळे शक्य झाली, आणि त्याआधी का नव्हती, एवढंच विचारा. आजच्या लेखासाठी मी घेतलेली कृती तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी केलेली असेल : हॉलमधल्या राऊटरचा वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही, म्हणून कपाटात पडलेला जुना राऊटर काढून घराच्या दुसऱ्या टोकाला लावणे. याला इतिहास आहे का? आहे, आणि चांगला भरगच्च आहे. त्यात एका समितीने अर्धवट सोडलेली चौकट आहे, परवान्यावरून झालेलं एक भांडण आहे, आणि हिमालयातली माकडंसुद्धा आहेत.

आधी कृती नीट पाहू. इतिहास लिहिणाऱ्याने वस्तू कशी चालते हे समजून घ्यायचा कंटाळा करू नये. मी वाचलेल्या कितीतरी प्रबंधांत 'तंत्रज्ञान' हा शब्द शंभर वेळा येतो, पण यंत्राचं झाकण एकदाही उघडलेलं नसतं.

दोन खोल्यांमध्ये केबल टाकता येत असेल, तर कृती सोपी. दुसऱ्या राऊटरचा स्वतःचा पत्ता बदलायचा, म्हणजे पहिला १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्यायचा. दुसऱ्यावरचं डीएचसीपी बंद करायचं. केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये न घालता लॅन पोर्टमध्ये घालायची. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे ठेवायचे, चॅनल मात्र वेगळे : एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११. झालं. मोबाईल घेऊन घरभर फिरलात तर तो आपला आपण एकाला सोडून दुसऱ्याला धरतो. कधीकधी जुन्यालाच चिकटून बसतो, तो भाग वेगळा.

आता हीच कृती इतिहासकाराच्या नजरेने वाचा. प्रत्येक सूचनेखाली एकेक थर आहे. दोन राऊटरचे पत्ते एकमेकांवर आदळतात, कारण घराघरांत तेच ते खाजगी पत्ते वापरले जातात. ते पत्ते राखून ठेवणारा आजचा दस्तऐवज, आरएफसी १९१८, हा फेब्रुवारी १९९६ चा. सगळ्या घराला बाहेर एकच पत्ता दाखवणारी 'नॅट' ही युक्ती १९९४ ची. इंटरनेटचे पत्ते संपत चालले होते, तेव्हा तात्पुरती मलमपट्टी म्हणून ती सुचवली गेली आणि कायमची झाली. केबल वॅन पोर्टमध्ये घातली तर नॅटच्या आत आणखी एक नॅट तयार होतं, प्रिंटर सापडत नाही, गेम अडकतात. लॅन पोर्टची सूचना त्यासाठी. डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय, १९९३ ची. घरात दोन वाटप करणारे नकोत, म्हणून एक बंद. चॅनल १, ६, ११ यामागे तर साधं गणित आहे : चॅनल एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्‌झवर आखलेले, आणि जुना वायफाय सिग्नल साधारण २२ मेगाहर्ट्‌झ रुंद. मध्ये चार घरं सोडल्याशिवाय धक्काबुक्की थांबत नाही.

आणि केबल लॅनमध्ये घातल्यावर ते दोन डबे एकच जाळं असल्यासारखे का वागतात? कारण आत 'ब्रिज' आहे, आणि ब्रिज ही १९८० च्या दशकातली कल्पना. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत मांडली. ब्रिजचं वेटोळं झालं, तर एकच निरोप गोल गोल फिरत राहून सगळं जाळं ठप्प होतं. ते टाळायची ही पद्धत. (त्यांनी ती समजावणारी एक छोटी कविताही लिहिली होती. प्रबंधाचा सारांश पद्यात लिहायची मुभा आपल्याला कोण देणार!) घरात दोन राऊटर केबलनेही जोडले आणि वायरलेसनेही जोडले, तर हाच घोळ होतो. म्हणजे १९८५ चा प्रश्न आज तुमच्या शयनगृहात उपस्थित होऊ शकतो.

इथे पहिला धडा घेऊन ठेवा. 'वायफाय १९९९ मध्ये आलं' अशी एका तारखेची विधानं शाळेच्या पुस्तकात ठीक असतात. वस्तू वापरात असते तेव्हा तिच्यात वेगवेगळ्या काळाचे तुकडे एकाच वेळी काम करत असतात. डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' वाचा. शोधाच्या तारखांऐवजी वापराकडे पाहिलं की इतिहासाचा नकाशा कसा बदलतो, हे त्यात फार मोकळेपणाने मांडलंय.

चौथा पत्ता

आतापर्यंत केबल होती. खरी गंमत केबल नसते तेव्हा सुरू होते, आणि माझा मुख्य मुद्दाही तिथेच आहे.

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, एफसीसीने, मे १९८५ मध्ये काही रेडिओ पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले. त्यामागे मायकेल मार्कस या अभियंत्याचा मोठा हात होता. हे पट्टे तोवर भंगारात जमा होते. मायक्रोवेव्ह ओव्हनसारखी यंत्रं तिथे गोंगाट करत. एनसीआर ही कंपनी गल्ल्यावरची यंत्रं बनवायची. दुकानाची मांडणी बदलली की प्रत्येक वेळी तारा उखडायला नकोत, म्हणून तिला बिनतारी जोडणी हवी होती. त्यातून तिच्या नेदरलँड्समधल्या गटाने वेव्हलॅन हे उत्पादन तयार केलं. १९९० पासून ८०२.११ समितीचे अध्यक्षपद सांभाळणारे व्हिक हेझ याच गटातले. मानक मंजूर झालं १९९७ मध्ये, वेग १ आणि २ मेगाबिट.

हे का सांगते? समितीच्या डोळ्यांसमोर कोणती जागा होती ते यातून कळतं. दुकान, गोदाम, कार्यालय. अशा इमारतीत भिंतींमधून इथरनेटची तार आधीच फिरलेली. छताला जागोजागी अॅक्सेस पॉइंट लावा, ते तारेने जोडा, माणसं त्याखाली हिंडतील. अॅक्सेस पॉइंटना एकमेकांशी जोडणाऱ्या या व्यवस्थेला मानकात 'डिस्ट्रिब्युशन सिस्टिम' म्हटलंय. ती कशाची बनलेली असावी यावर मानक मुद्दाम गप्प राहिलं.

आता वायफायचा एकेक निरोप, म्हणजे फ्रेम, पाकिटासारखी समजा. साध्या पाकिटावर दोन पत्ते पुरतात : पाठवणारा आणि घेणारा. वायफायमध्ये मध्यस्थ असतो, म्हणून तीन लागतात. तुमच्या लॅपटॉपकडून निघालेल्या फ्रेमवर लिहिलेलं असतं : हवेत हे कुणी झेलायचं (अॅक्सेस पॉइंट), कुणी पाठवलं (लॅपटॉप), आणि शेवटी कुणाकडे जायचं. इथे 'हवेत बोलणारा' आणि 'मूळ पाठवणारा' एकच, लॅपटॉप. म्हणून तिनांत भागतं.

पण समजा दोन राऊटर हवेतून जोडलेत आणि दुसऱ्याच्या मागे तुमचा संगणक आहे. आता हवेत बोलणारा आहे दुसरा राऊटर, मूळ पाठवणारा आहे संगणक, हवेत झेलणारा पहिला राऊटर, आणि शेवटचा घेणारा आणखी कुणीतरी. चार वेगवेगळे पत्ते. तीन रकान्यांत हे बसत नाही. साध्या वायफाय क्लायंटला सहजासहजी ब्रिज करता येत नाही, याचं मूळ कारण हे. मागच्या संगणकाचं नाव लिहायला पाकिटावर जागाच नाही.

मानक लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं. प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला दोन बिट आहेत, 'टू डीएस' आणि 'फ्रॉम डीएस'. दोन्ही १ असतील तर पाकिटावर चौथा पत्ता येतो. या चौथ्या शक्यतेला नाव मिळालं 'वायरलेस डिस्ट्रिब्युशन सिस्टिम', म्हणजे डब्ल्यूडीएस. पाकीट तयार, रकाना आखलेला. पण दोन अॅक्सेस पॉइंटनी एकमेकांना ओळखायचं कसं, सलगी करायची कशी, कुलूपकिल्ली कशी ठरवायची, वेटोळं झालं तर काय, यावर मानकात काही नाही. २००५ मध्ये समितीपुढे एक स्पष्टीकरणाचं टिपण आलं, तेही याच गोंधळावर बोट ठेवणारं : चार पत्त्यांची चौकट आहे, ती वापरायची यंत्रणा मात्र मानकाने सांगितलेली नाही, आणि बाजारात 'डब्ल्यूडीएस' हे नाव प्रत्येकजण आपापल्या अर्थाने वापरतोय.

माझा युक्तिवाद असा की ही विसरभोळी चूक नव्हती. तारेची इमारत गृहीत धरली की ही यंत्रणा तातडीची वाटतच नाही. घर हे मुळात त्यांच्या चित्रात नव्हतं. आणि वीटबांधकामाचं, आरसीसी स्लॅबचं घर तर नव्हतंच. लाकडी सांगाडा आणि आतून पातळ फळ्या असलेल्या घरात एका डब्याने निभावतं. आपल्याकडच्या नऊ इंची भिंती दोनदा ओलांडल्या की सिग्नल गळाठतो. घराची भिंत हा तांत्रिक मानकांच्या इतिहासातला एक घटक म्हणून कुणी तपासावा, असं मला फार वाटतं. विषय हवा असेल तर घ्या.

इथे साधनांबद्दल थोडं. मानकाचा दस्तऐवज ऐतिहासिक साधन म्हणून वाचायचा, तर सनद वाचतो तसा वाचा : काय दिलंय, कुणाला दिलंय, आणि कशाबद्दल मौन आहे. मात्र मौन दिसलं की लगेच कट शोधू नका. समितीत एकमत झालं नाही, वेळ संपला, किंवा कुणालाच गरज वाटली नाही, या तिन्ही शक्यता वेगळ्या आहेत आणि तिन्हींचे पुरावे वेगळ्या ठिकाणी सापडतात. समितीच्या बैठकांची टिपणं त्यासाठी पाहावी लागतात, अंतिम मसुदा पुरत नाही.

निळा-काळा डबा

वायफाय घरात शिरलं १९९९ मध्ये. त्या जुलैत अॅपलने आयबुकसोबत एअरपोर्ट आणलं; बेस स्टेशन २९९ डॉलर, कार्ड ९९ डॉलर. त्या बेस स्टेशनच्या पोटात वेव्हलॅनचंच कार्ड होतं. म्हणजे दुकानातल्या गल्ल्यासाठी सुरू झालेली गोष्ट नवं कवच घालून घरात आली.

डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिसने डब्ल्यूआरटी५४जी हा राऊटर बाजारात आणला. लिंक्सिस ही व्हिक्टर आणि जेनी त्साओ या तैवानी वंशाच्या दांपत्याने १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेली कंपनी. मार्च २००३ मध्ये सिस्कोने ती सुमारे ५० कोटी डॉलरच्या समभागांच्या बदल्यात घेण्याचं जाहीर केलं. राऊटर म्हणजे निळ्या-काळ्या रंगाचा, मागे दोन अँटेना असलेला डबा. आत १६ एमबी मेमरी, ४ एमबी फ्लॅश. तुमच्या मोबाईलमधला एक फोटो त्यात मावणार नाही.

जून २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या मेलिंग लिस्टवर अँड्र्यू मिक्लास यांनी लिहिलं, की या राऊटरच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स आणि इतर जीपीएल परवान्याचे प्रोग्राम दिसतायत, पण कंपनीने सोर्स कोड कुठेच दिलेला नाही. जीपीएलची अट साधी आहे : प्रोग्राम वाटलात तर त्याचा कोडही मागणाऱ्याला द्या. बातमी स्लॅशडॉटवर गेली, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन मध्ये पडलं. अडचण अशी की लिंक्सिसने हा कोड स्वतः लिहिलेलाच नव्हता. चिप ब्रॉडकॉमची, फर्मवेअरचं काम तैवानच्या सायबरटॅनकडे, आणि डब्यावर नाव लिंक्सिसचं. पुरवठ्याच्या साखळीत परवान्याची अट कुठेतरी गळाली होती, आणि ती निस्तरायची वेळ शेवटच्या कडीवर आली. त्याच वर्षात कोड प्रसिद्ध झाला.

या घटनेची एक लोकप्रिय कथा आहे : उदार कंपनीने राऊटर 'खुला केला' आणि लोकांनी चमत्कार केले. दुसरी कथा आहे ती हॅकर शूरवीरांची. दोन्ही मला अपुऱ्या वाटतात. पहिल्या कथेत परवान्याचं ओझं गायब होतं. दुसऱ्या कथेत हे विसरलं जातं की ब्रॉडकॉमचा वायरलेस ड्रायव्हर, म्हणजे रेडिओ प्रत्यक्ष चालवणारा भाग, बंदच राहिला. तो फक्त तयार बायनरी म्हणून मिळाला. मिळालेलं स्वातंत्र्य डब्याच्या तीनचतुर्थांश भागापुरतं होतं, आणि तेवढ्यावर सगळं उभं राहिलं.

कसं, ते बघा. त्या बंद ड्रायव्हरमध्ये डब्ल्यूडीएसची सोय होतीच. चौथ्या पत्त्याचं पाकीट कसं भरायचं हे चिपला येत होतं. लिंक्सिसच्या सेटिंगच्या पानावर मात्र त्याचं बटण नव्हतं. आतल्या एनव्हीरॅममध्ये 'डब्ल्यूएल० डब्ल्यूडीएस' अशा नावाची एक ओळ होती, तिथे समोरच्या राऊटरचा मॅक पत्ता लिहिला की दोन डबे हवेतून एकमेकांशी बोलू लागत. आत शिरायला सुरुवातीला एक फट वापरली जायची : जाळं तपासण्यासाठी दिलेल्या 'पिंग'च्या रकान्यात आज्ञा घुसडली की राऊटर ती मुकाट्याने पाळायचा. कोड हाती आल्यावर फटींची गरज उरली नाही. जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. स्वेसॉफ्ट नावाच्या गटाने सुधारित फर्मवेअर वर्गणी लावून द्यायला सुरुवात केली, त्यावरून पुन्हा जीपीएलचंच भांडण पेटलं, आणि त्या धुमश्चक्रीतून २००५ मध्ये डीडी-डब्ल्यूआरटी बाहेर पडलं. या सगळ्यांच्या पानांवर आता डब्ल्यूडीएसचं बटण होतं.

रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांचा १९९६ चा एक लेख अमेरिकेतल्या खेड्यांतल्या मोटारीवर आहे. शेतकऱ्यांनी फोर्डच्या मॉडेल टी गाडीचं चाक उचलून त्याला पट्टा लावला आणि त्यावर कपडे धुण्याची यंत्रं, धान्याची यंत्रं चालवली. वस्तूचा अर्थ बनवणारा कारखान्यातच ठरवून टाकतो असं नाही, वापरणारे तो पुन्हा उघडतात, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या राऊटरला हा साचा लावण्याचा मोह होतो आणि बऱ्याच अंशी तो बसतोही. पण फरक आहे : मॉडेल टीचं चाक उचलायला फोर्डच्या परवान्याची गरज नव्हती. इथे कायद्याचं एक कलम नसतं तर बहुतेकांचा पट्टा चाकापर्यंत पोचलाच नसता. उसना सिद्धान्त वापरताना तो जिथे बसत नाही ती जागा आधी शोधा. परीक्षक नेमकी तीच विचारतात.

रिकाम्या जागेची किंमत मात्र मोजावी लागली. एका रेडिओच्या राऊटरला एकाच चॅनलवर ऐकायचंही असतं आणि तेच पुढे सांगायचंही असतं, दोन्ही एकदम जमत नाही. म्हणून हवेतून एक टप्पा वाढला की वेग साधारण निम्मा होतो. त्याहून वाईट किंमत सुरक्षिततेची. चार पत्त्यांच्या जोडणीत किल्ल्या कशा बदलायच्या हे कुणीच ठरवलेलं नसल्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या राऊटरमध्ये डब्ल्यूपीए बहुधा जुळायचं नाही. मग लोक डब्ल्यूईपीवर उतरायचे. ते कुलूप २००१ मध्येच फोडता येतं असं सिद्ध झालं होतं. मागच्या खोलीत इंटरनेट पोचावं म्हणून घराचं दार सताड उघडं, असा तो सौदा होता. आणि तो करणाऱ्यांपैकी किती जणांना त्याची कल्पना होती?

बर्लिन, धरमशाला

तोच डबा घराबाहेर पडला तेव्हा काय झालं, ते आपल्या दृष्टीने जास्त मोलाचं.

बर्लिनच्या पूर्व भागात जर्मनीच्या एकीकरणानंतर नवी कोरी ऑप्टिकल फायबर टाकली गेली होती. पुढे जगभर ब्रॉडबँड आलं ते तांब्याच्या तारेवरून, डीएसएलने. ज्या वस्त्यांत तांब्याऐवजी फायबर होती, तिथे डीएसएल मिळेना. पुढे असणं हेच मागे पडण्याचं कारण झालं. तिथल्या मंडळींनी फ्रायफुंक या चळवळीत छपरांवर राऊटर चढवले आणि जोडणी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे नेली. त्यासाठी डब्ल्यूआरटी५४जी वर चालणारं स्वतःचं फर्मवेअरही बनवलं.

भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा घराबाहेर विनापरवाना वापरायची मुभा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने आली. लगेच पुढच्याच महिन्यात धरमशालेत तिबेटी निर्वासितांच्या संस्थांना जोडणारं जाळं उभं राहू लागलं. महिनाअखेर आठ आवारं जोडली गेली होती. याहेल बेन-डेव्हिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं हे काम पुढे एअरजल्दी नावाने ओळखलं गेलं. राऊटर तोच लिंक्सिसचा, आतलं फर्मवेअर बदललेलं, बाहेर पावसाला टिकेल असा डबा. डोंगराळ भाग, विजेचा लपंडाव, म्हणून सौर पट्ट्या. आणि अँटेनाला झोके घेणारी माकडं, म्हणून भक्कम खांब. समितीच्या टिपणांत माकडांचा विचार झालेला नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

या प्रसंगात कारण-परिणामाची मांडणी कशी करायची, हा अभ्यासाचा छान प्रश्न आहे. अधिसूचना नसती तर जाळं बेकायदा ठरलं असतं. बदलता येणारा स्वस्त राऊटर नसता तर अधिसूचना कागदावर राहिली असती. आणि पसरलेल्या आवारांत विखुरलेल्या संस्था नसत्या तर दोन्हींचा उपयोग कुणाला होता? मुख्य कारण 'तंत्रज्ञान' असं लिहून मोकळं होऊ नका. तीन कारणांचे तीन वेगळे कालक्रम आखा, आणि ते फेब्रुवारी २००५ मध्ये एकत्र का आले ते दाखवा.

बटण, मग खोकं

पुढचा भाग मी भराभर सांगते. २००५ च्या शेवटी लिंक्सिसने डब्ल्यूआरटी५४जी च्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स घातलं, मेमरी आणि फ्लॅश निम्मी केली. त्यामुळे डबा स्वस्तात बनू लागला. मग ओरड झाली, आणि जुनी अंतर्रचना डब्ल्यूआरटी५४जीएल या वेगळ्या नावाने विकायला ठेवली. परवान्याचा वाद संपला नव्हताच. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा लावला आणि तो २००९ मध्ये तडजोडीने मिटला. दरम्यान, ज्या बटणासाठी फर्मवेअर बदलावं लागायचं, ते स्वस्त राऊटरच्या मूळ पानावरच येऊ लागलं. टीपी-लिंकच्या साध्या राऊटरमध्ये 'डब्ल्यूडीएस ब्रिजिंग'ची चौकट टिचकी मारली की चालू होते. मानकातली पोकळी अधिकृतपणे भरली गेली २०११ मध्ये, ८०२.११एस या जोडमानकाने. त्याचा मसुदा त्याआधीच 'मुलामागे एक लॅपटॉप' योजनेतल्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये वापरला जात होता. २०१६ पासून ईरो आणि गुगल वायफाय यांसारखे 'मेश' संच आले : दोन-तीन डबे एकाच खोक्यात, फोनवरून मांडणी, सेटिंग दिसतच नाहीत. दुसरा राऊटर आता कपाटातून निघत नाही, दुकानातून जोडीने येतो.

एक प्रसंग मात्र सावकाश सांगायला हवा. २०१५ मध्ये एफसीसीच्या एका मार्गदर्शक पत्रकात निर्मात्यांना विचारलं गेलं, की तुमच्या यंत्रावर डीडी-डब्ल्यूआरटीसारखं बाहेरचं फर्मवेअर चढू नये यासाठी तुम्ही काय केलंय. आयोगाची चिंता खोटी नव्हती. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात विमानतळांजवळची हवामान रडारही चालतात, आणि सेटिंग बदललेल्या यंत्रांमुळे त्यांत अडथळे आल्याची उदाहरणं होती. पण रेडिओला कुलूप लावायचं म्हटलं की निर्माते सबंध डब्यालाच लावतात, कारण ते स्वस्त पडतं. ओरड झाल्यावर आयोगाने शब्द बदलले. ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंकसोबत तडजोड झाली. कंपनीच्या काही राऊटरमध्ये देशाचं सेटिंग बदलून ठरल्यापेक्षा जास्त शक्तीने प्रक्षेपण करता येत होतं. दंड २ लाख डॉलरचा. आणि सोबत एक अट, की बाहेरच्या फर्मवेअरला वाव राहील असे उपाय कंपनीने शोधावेत. दंड करणाऱ्या कागदातच यंत्र उघडं ठेवण्याची सूचना! अशी कागदपत्रं हाताला लागली की संशोधकाचा दिवस बरा जातो.

यावर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी साधनांची स्थिती. मानकं आणि समितीची टिपणं जपलेली आहेत. मेलिंग लिस्टची संग्रहालयं आहेत. न्यायालयातली आणि आयोगाची कागदपत्रं सार्वजनिक आहेत. गळती आहे ती वापरणाऱ्यांच्या बाजूने : २००४ ते २०१० च्या चर्चापानांवर कुणीतरी घराचा नकाशा हाताने काढून टाकलेला असायचा, 'स्वयंपाकघरात दोन काड्या, गच्चीवर एक' असा. त्यातली चित्रं साठवणाऱ्या सेवा बंद पडल्या, मजकूर उरला आणि चित्राच्या जागी रिकामी चौकट. फर्मवेअरच्या बदलनोंदी, म्हणजे चेंजलॉग, हे आणखी एक दुर्लक्षित साधन. 'डब्ल्यूडीएस दुरुस्त' अशी एक ओळ पाच आवृत्त्यांमध्ये पाच वेळा आली असेल, तर तिथे काहीतरी शिजत होतं हे नक्की. आणि तोंडी इतिहास : आपल्याकडे गावोगावी केबलवाल्यांनी आणि सायबर कॅफेवाल्यांनी राऊटरवर काय काय प्रयोग केले, हे सांगणारी माणसं अजून पन्नाशीत आहेत. त्यांच्या मुलाखती मराठीत घ्यायला कुणी हवं. प्रश्नावली नेण्यापेक्षा एखादा जुना राऊटर बरोबर न्या. हातात वस्तू आली की माणूस जास्त बोलतो.

डब्ल्यूआरटी५४जीएल ची विक्री २०१६ मध्येही चालू होती, अकरा वर्षं जुना आणि ५४ मेगाबिटचा असूनही. आणि कंपनीला त्यातून दरवर्षी लाखो डॉलर मिळत होते. त्या वर्षी तो विकत घेणारे कोण होते, आणि त्यांतल्या किती डब्यांनी दुसऱ्या राऊटरची जागा घेतली, यावर अजून कुणी प्रबंध लिहिलेला माझ्या वाचनात नाही.